बसून शिकवलेलं गणित

शॉमबर्गच्या आमच्या मराठी मंडळात मी ‘हवाईला वर्षभर मजा करून आलेले परचुरेकाका’ म्हणून ओळखला जातो. हवाई नव्हे हो, असं सांगून सांगून दमलो. अमेरिकन सामोआ म्हणून अमेरिकेचाच एक मुलूख आहे. हवाईपासून पुढे पाच-सहा तासांचं विमान, मग तिथल्या मोठ्या बेटावरून एक इवलंसं विमान, ज्यात बसण्याआधी सामानाबरोबर माणसाचंही वजन करतात, आणि मग ते बेट. एवढं सांगेपर्यंत ऐकणाऱ्याचं लक्ष बटाटेवड्यांकडे गेलेलं असतं आणि तो विचारतो, बीच कसे होते? बीच सुंदर होते. रविवारी पोहायला गावाची बंदी होती आणि बाकीचे दिवस मला वेळ नव्हता. यंदा आमच्या दिवाळी अंकाच्या संपादिकेनं ‘काका, एकदाचं लिहूनच टाका’ असं फर्मावलं, म्हणून लिहितो आहे.

आधी माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. मला एका जागी बसवत नाही. लहानपणी रत्नागिरीला मास्तर म्हणायचे, याच्या पायाला भिंगरी आहे. पानावरून मी तीनदा उठतो, कधी मिठासाठी, कधी उगाच. टेलिकॉम कंपनीत वीसेक वर्षं टिकलो, कारण टेस्टिंग लॅबमधलं काम उभ्यानं करायचं होतं. २००२ मध्ये ती अख्खी लॅबच बंद झाली. त्या वर्षी आमच्या भागात घराआड एक असा माणूस घरी बसलेला होता. बाकीचे निदान बसले तरी होते. मी गराज तीनदा लावलं, गळत नसलेले नळ दुरुस्त केले, आणि शेवटी शुभदाच्या स्वयंपाकघरातले डबे इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावले.

शुभदा, माझी बायको, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. ती संध्याकाळी आली, हळद शोधायला लागली आणि ती ‘टी’च्या रांगेत सापडल्यावर एका स्टुलावर बसून राहिली. म्हणाली, “अहो, तुम्ही रिकामे असलात तर मला चालेल, पण माझं घर तुमची लॅब नाही.” मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिला फोनवर ही तक्रार गेली. तिनं ‘बाबा, गो टीच समव्हेअर. एनीव्हेअर,’ असं म्हणून स्वयंसेवक शिक्षक पाठवणाऱ्या एका छोट्या संस्थेची माहिती धाडली. इंजिनिअर होण्याआधी मी दोन वर्षं गणिताच्या शिकवण्या केल्या होत्या, तेवढं त्यांना पुरलं. शुभदाला येता येत नव्हतं, कारण घरातला हेल्थ इन्शुरन्स आता तिच्या नोकरीवर होता. २००३ च्या उन्हाळ्यात विमानतळावर ती म्हणाली की महिन्याभरात परत आलात तरी कुणी हसणार नाही, मी थोडीशी हसेन.

स्वयंसेवक शिक्षक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. पगार नाही, जेवणाखाण्यापुरते पैसे मिळतात. राहायला गावातलं एक घर तुम्हाला ‘घेतं’. तुम्ही त्या घराचे होता, म्हणजे तुमच्या चुकाही त्या घराच्या होतात. शाळेत फळा असतो, खडू असतात, पुस्तकं वर्गाच्या निम्म्या मुलांना पुरतील एवढी. आणि तुमच्या आधी येऊन गेलेल्या प्रत्येक स्वयंसेवकानं काहीतरी सुरू करून अर्धवट सोडलेलं असतं. आमच्या शाळेत एक न वाजणारी ऑर्गनची पेटी होती आणि एक बिनमाशांचा फिश टँक. मुलांनी माझ्याकडेही त्याच नजरेनं पाहिलं.

मला घेणारं घर होतं गावातल्या एका वयस्क मुखियाचं. मी त्यांना आजोबाच म्हणेन, सगळं गाव तसंच वागायचं. घर म्हणजे उंच चौथरा, खांब आणि छप्पर. भिंती नाहीत. घरात आजोबा, त्यांची मुलगी लोसा आणि लोसाची मुलगी सिना, जी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. लोसाचा नवरा मोठ्या बेटावर माशांच्या कारखान्यात होता. मोठा मुलगा सैन्यात, त्या वसंतापासून इराकमध्ये. मागच्या बाजूच्या पत्र्याच्या खोलीत मी. लोसाला मी मनातल्या मनात लोसाताई म्हणायचो. चाळिशी ओलांडलेली, कमी बोलणारी बाई. सदा चटई विणत बसलेली असायची. केवड्याच्या जातीच्याच एका झाडाची पानं वाळवून, त्यांचे दोऱ्यासारखे पट्टे काढून ती विणायची, आणि विणताना वर बघायची नाही.

पहिल्याच संध्याकाळी मी घराची अब्रू घालवली. दिवसभराच्या प्रवासानं पाय आखडले होते, म्हणून आपल्याकडे जातात तसा चार पावलं फिरून यायला निघालो. तेवढ्यात कुठेतरी घंटा झाली. झाडाला टांगलेल्या रिकाम्या गॅस सिलिंडरवर कुणीतरी लोखंडाची कांब मारत होतं. मी आपला हात मागे बांधून चाललोय. रस्त्यावर एकही माणूस नाही, फक्त ठरावीक अंतरावर उभे असलेले धिप्पाड तरुण. त्यातल्या एकानं मला अदबीनं दंडाला धरलं आणि जवळच्या घरात नेऊन खाली बसवलं. घंटा म्हणजे संध्याकाळची प्रार्थना. त्या वेळात गावातला प्रत्येक माणूस आपापल्या घरात जमिनीवर बसलेला असतो, रस्त्यावर चालणं म्हणजे गावाचा अपमान. दुसऱ्या दिवशी आजोबांना गावच्या बैठकीत माझ्याबद्दल माफी मागावी लागली. मला ते एवढंच म्हणाले की तुझे पाय चांगले आहेत, पण ते तुझ्यापुढे धावतात.

तिथला दुसरा नियमही माझ्या मुळावरच होता. घरात कुणी उभ्यानं बोलत नाही. मोठी माणसं बसलेली असताना उभं राहणं म्हणजे त्यांच्या डोक्यावर उभं राहणं. आधी मांडी घालायची, थोडा वेळ गप्प राहायचं, मग बोलायचं. माझ्याबरोबर मोठ्या बेटावर आलेल्या गोऱ्या स्वयंसेवकांना मांडीच घालता यायची नाही, गुडघे छातीला लावून बिचारे घामाघूम व्हायचे. मी मात्र पहिल्या झटक्यात फतकल मारल्यावर आजोबांनी कौतुकानं भुवया उडवल्या. पण मांडी घालता येणं वेगळं आणि ती टिकणं वेगळं. गोरे निदान दुखतं म्हणून उठत होते. मला काही दुखत नव्हतं, तरी मी उठायचो.

शाळेत तर मी सतत उभा आणि चालता. फळ्यापासून दारापर्यंत, दारापासून फळ्यापर्यंत. प्रश्न विचारायचो आणि मुलं गप्प. कळलं का? गप्प. दुसऱ्या आठवड्यात सिनानं सांगितलं की ती उत्तर देतात, भुवया वर करतात, त्याचा अर्थ हो. मी पाठमोरा असतानाच त्यांच्या भुवया वर जाऊन खाली आलेल्या असायच्या.

मग मी पहिली चाचणी घेतली आणि आपल्या शाळेत जे पिढ्यानपिढ्या झालं तेच केलं. पेपर गुणांप्रमाणे लावले आणि पहिल्या नंबरापासून मोठ्यानं वाचत गेलो. पहिला आलेला मुलगा मान खाली घालून बसला, जणू चोरी पकडली. शेवटचा मुलगा दुसऱ्या दिवशी आलाच नाही. पुढच्या चाचणीत सगळ्या वर्गाला सारखे गुण. चुकासुद्धा सारख्या. मी संतापून मुख्याध्यापकांकडे गेलो, सामूहिक कॉपी म्हणून. त्यांनी मला आधी बसवलं. मग शांतपणे सांगितलं की मुलांनी बैठक घेऊन ठरवलं, कुणी शेवटचा राहायला नको. मला पहिल्यांदा राग आला, नंतर हसू, आणि खोलीवर गेल्यावर दोन्ही ओसरून नुसतीच अस्वस्थता राहिली. शुभदानं सांगितलेला महिना तेव्हा भरत आला होता. त्या रात्री मी बॅग काढून ठेवलीही होती.

मला थांबवलं ते नारळानं. तिकडे रोजच्या स्वयंपाकाला ढीगभर नारळ लागतात. ते खवायचं साधन म्हणजे आपल्या कोकणातल्या खोवणीचा सख्खा भाऊ. लाकडी बैठकीवर बसायचं आणि पुढच्या दातेरी पात्यावर नारळाची वाटी फिरवायची. हे काम घरातल्या तरुण पोरांचं, आणि या घरातला तरुण पोरगा इराकमध्ये होता. एक दिवस मी खोवणीवर बसलो. सिना हसून लोळली, कारण टीचरनं, त्यातून पिकल्या केसांच्या टीचरनं, पोरासोरांचं काम करणं म्हणजे मोठाच विनोद. पण माझे हात हलत होते आणि म्हणून बूड स्थिर होतं. शेजारची दोन मुलं मजा बघायला आली. मी खवता खवता त्यांना विचारलं की एका नारळाचं एवढं दूध, तर पाहुणे दुप्पट आले तर किती? पहिल्यांदा त्या बेटावर मला तोंडी उत्तर मिळालं. बॅग परत कॉटखाली गेली.

तेव्हापासून प्रार्थनेनंतर आजोबांच्या चौथऱ्यावर माझा क्लास भरायला लागला. मी खोवणीवर, मुलं चटयांवर आडवीतिडवी, एका कडेला लोसाताई मान खाली घालून विणत असलेली. लोसाताई मला रोज अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून भाजलेल्या पुरचुंड्या देई, माझ्या वाटणीच्या पुरचुंडीत टिनमधलं मांस न घालता. अळूच्या पानाची ती चव जिभेवर आली की मला घर आठवून गलबलून येई. मी शुभदाला फोनवर सांगितलं की बहुतेक वर्ष काढतो. ती म्हणाली की आवाज बसलेला वाटतोय, चांगल्या अर्थानं.

आणि मग नोव्हेंबरात भरती आली. सैन्यभरतीचा अधिकारी, त्याच मुलुखातला, आमच्याच इवल्या विमानातून आला, शाळेत बोलला आणि सांगून गेला की लेखी परीक्षा पुढच्या महिन्यापासून. बेटावर नोकरी नाही. मोठ्या बेटावर मासे, नाहीतर सरकार. बाकी सगळे बाहेर जातात, आणि बाहेर जायचा सगळ्यांत सरळ रस्ता म्हणजे ही परीक्षा. तिच्यात अर्धं गणित. दुसऱ्या दिवशी माझ्या क्लासला चौथरा पुरेना.

आता मी जे केलं ते कुठल्याही मराठी माणसानं केलं असतं. परीक्षा म्हटल्यावर आपल्या अंगात येतं. परीक्षेच्या पलीकडे काय आहे हे आपण विचारत नाही, आपल्याला कुणी ते विचारायला शिकवलेलंच नाही. मी अपेक्षित प्रश्न काढले, सराव पेपर लावले, शॉर्टकट शिकवले. अपूर्णांकाचा भागाकार? दुसरा उलटा करा आणि गुणा, का ते विचारू नका. घड्याळ लावून तोंडी फैरी झाडल्या. मी पुन्हा उभा राहिलो, पुन्हा चालायला लागलो, खोवणी कोपऱ्यात गेली. पहिल्या खेपेला माझे चार जण पास झाले आणि मी शुभदाला फोन करून निकाल सांगितला. ती एकदम म्हणाली, “म्हणजे आता ती मुलं कुठे जाणार?” मी म्हटलं, ट्रेनिंगला. 

सिना नापास झाली. सिना हुशार होती, पण शॉर्टकट तिला पटायचे नाहीत. उलटा करून का गुणायचं हे कळल्याशिवाय तिचा हात पुढे सरकायचा नाही आणि मला तर थांबायला वेळ नव्हता. नापास झाल्याच्या दिवशी ती दगडासारखी बसून होती. भाऊ गेला, वर्गातले चौघे चालले, मी काय चटया विणू, असं ती मला इंग्रजीत म्हणाली, आईला कळू नये म्हणून. आईला इंग्रजी उत्तम कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोसाताई माझ्या खोलीशी आली. ती कधी तिकडे यायची नाही. हातात पुरचुंड्यांची थाळी. मी उभा होतो, तिनं खाली बसून घेतलं, म्हणून मीही बसलो.  मी पायाचा अंगठा हलवत राहिलो. शेवटी ती म्हणाली, “टीचर, तुम्ही फार भरभर शिकवता. माझ्या मुलीला हळू शिकवा.”

मला आधी वाटलं, तक्रार आहे. मी म्हटलं हो, पुढच्या परीक्षेच्या आत मी तिच्याकडे जास्त लक्ष देईन. तिनं मान हलवली.

“पुढच्या परीक्षेच्या आत नको,” ती म्हणाली. “हळू. माझा मुलगा परत येईपर्यंत चालेल एवढं हळू.”

मग ती थाळी माझ्यापुढे सरकवून उठून गेली.

त्या थाळीकडे मी कितीतरी वेळ बघत होतो. तिकडे दिलेलं नाकारता येत नाही, आणि खाल्लं की कबूल केल्यासारखं. मी शिक्षक. एखाद्या मुलाला मुद्दाम कच्चं ठेवणं हे मला स्वप्नातही सुचलं नसतं. जाणारी मुलगी सज्ञान होती, तिला जायचं होतं. पण मागणारी बाई आई होती आणि तिचा एक मुलगा आधीच इराकमध्ये होता. रेडिओवर बातम्या लागल्या की ती विणायची थांबायची नाही, फक्त हात जोरात चालायचे. मी खोलीत येरझाऱ्या घातल्या, खोली चार पावलांची होती. मग बसलो आणि खाल्लं.

दुसऱ्या दिवसापासून मी सिनाला बाकीच्यांच्या नंतर वेगळं शिकवायला लागलो. हळू. इतकं हळू मी आयुष्यात काही केलेलं नाही. खोवणी पुन्हा ओढून घेतली. शॉर्टकट बंद. मी मनाशी म्हटलं, खोटं शिकवायचं नाही, लपवायचं नाही, फक्त घाई करायची नाही. यात कुणाचीच फसवणूक नाही. आठवडाभर आम्ही एकाच गणितावर बसलो. तीन नीरफणस आहेत, प्रत्येक घराला पाऊण नीरफणस द्यायचा, तर किती घरांना पुरतील? मी सूत्र सांगितलं नाही. तिनं खरेच नीरफणस आणले आणि कापत बसली. एका फळातून एक घर, उरला पाव. दुसऱ्यातून एक घर, उरला पाव. तिसऱ्यातून एक, उरला पाव. ती त्या तीन तुकड्यांकडे बघत राहिली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, जीभ अक्षरशः दातांखाली धरली.

“उरलेले मिळून आणखी एक घर होतं,” ती सावकाश म्हणाली. “चार घरं.” मग तिनं भुवया उंचावल्या, स्वतःशीच.

पलीकडे लोसाताईचे हात विणता विणता थांबले होते.

त्यानंतर मला शिकवावं लागलंच नाही. एकदा ‘का’ आणि ‘कसं’ हे कळल्यावर सिना एकेक गोष्ट स्वतः उलगडत गेली, टक्केवारी, गुणोत्तर, वेग. मी जितकं हळू जायचं ठरवी तितकी ती पुढे जाई. लॅबमध्ये, शिकवण्यांत, शाळेत मिळून मला इतका चांगला विद्यार्थी कधी मिळाला नव्हता आणि मी रोज देवाला म्हणत होतो की हिचं एखादं गणित चुकू दे. मार्चमध्ये तिनं परीक्षा दिली. निकाल टपालाच्या विमानातून आला. पास, आणि आमच्या शाळेतून आजवर बसलेल्या सगळ्यांत वरचे गुण.

मी लोसाताईकडे गेलो आणि चौथऱ्याखालीच उभा राहिलो. वर चढायची हिंमत होईना. म्हटलं, “मी खरंच हळू शिकवलं.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “मी ऐकत होते. नीरफणसाचं मलाही कळलं.”

मग तिनं चटईवरचा पसारा बाजूला सारला आणि म्हणाली, “बसा, टीचर.” मी बसलो.  घंटा झाली, आजोबा आले, सिना आली, प्रार्थना झाली. त्यांचं भजन चाले तेव्हा मी रोज मनात एकोणतीसचा पाढा म्हणायचो, तेवढाच माझा आधार. त्या दिवशी तो सातव्या घरात अडकला आणि पुढे गेलाच नाही.

जूनमध्ये वर्ष संपलं. सिना ज्या विमानानं ट्रेनिंगला निघाली त्याच विमानानं मीही परतत होतो. तिच्या भावाची घरवापसी आणखी लांबली होती. धावपट्टी म्हणजे समुद्राकाठची एक पट्टी. सारं गाव गात होतं. लोसाताईनं मुलीच्या गळ्यात माळा घातल्या आणि मग माझ्याकडे वळून घडी केलेली चटई माझ्यापुढे धरली. वर्षभर विणत होती तीच. अशी बारीक चटई लग्नात किंवा मयतात देतात, शाळामास्तराला नाही. मी घेईना, म्हणजे हात मागे गेले. तिनं ते धरून पुढे केले आणि चटई त्यांवर ठेवली.

“रोज संध्याकाळी आम्ही बसू,” ती म्हणाली. “ती घरी येईपर्यंत तुम्हीही बसायचं. तुमच्याकडे संध्याकाळ होईल तेव्हा.”

मी भुवया वर केल्या. 

शॉमबर्गला आल्यावर पहिल्या संध्याकाळी मी दिवाणखान्यात सोफा सरकवून चटई अंथरली आणि मांडी घालून बसलो. शुभदाला वाटलं योगासनं. मी सांगितलं तेव्हा ती टीव्ही बंद करून आत गेली. मला सोपं गेलं असं समजू नका. पाच मिनिटांत गराजमधला खिळा आठवतो, दहा मिनिटांत कुणाला तरी फोन करायचा असतो. एकोणतीसचा पाढा आता उलटाही येतो. पाहुणे आले, बर्फाचं वादळ आलं, मुलीचं लग्न झालं, तरी बसायचं चुकवलं नाही. मंडळाच्या कार्यक्रमात मी मध्येच नाहीसा होतो आणि पार्किंगमध्ये गाडीत बसलेला सापडतो, हे ज्यांना विचित्र वाटत आलंय त्यांच्यासाठी हा खुलासा.

लोसाताईचा मुलगा सुखरूप परतला. सिना पुढच्याच वर्षी इराकमध्ये गेली, सामानाच्या ट्रकवर. वर्षानं परत अमेरिकेत आली, टेक्ससच्या तळावर. ते कळलं त्या दिवशी मी लोसाताईला फोन लावला, थोडा सुटकेच्या सुरात विचारलं की आता थांबलं तर चालेल ना. ती म्हणाली, “घरी आली का?” त्या नाताळात सिना बेटावर जाऊन आली, तेव्हा मी पुन्हा विचारलं. लोसाताई म्हणाली की आली, पण परत जायचं तिकीट घेऊन आली.

मागच्या वर्षी, २००७ च्या उन्हाळ्यात, सिना दोन दिवस आमच्याकडे राहून गेली. शुभदानं तिच्यासाठी अळूवड्या केल्या होत्या. ती एक खाऊन थबकली आणि म्हणाली, “मावशी, हे आमचं पान तुमच्याकडे कसं आलं?” मावशी म्हणायला तिला शुभदानं अर्ध्या तासात शिकवलं होतं. ती अंगानं भरली होती, आवाज मोठा झाला होता. मला तिला पाहून इतका आनंद झाला की मी तिला गणितच घातलं, आणि तिनं ते सोडवलंही.

संध्याकाळी मी चटई अंथरली. आईच्या हातची वीण तिनं बोटांनी चाचपली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. डोळे मिटायच्या आधी तिनं विचारलं की टीचर, तुम्ही या वेळी मनात काय म्हणता? मी खरं सांगितलं, एकोणतीसचा पाढा. ती खदखदून हसली, अगदी खोवणीच्या दिवसासारखी.

मग आम्ही डोळे मिटले. रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीचं दार आपटलं आणि ती उठली. खिडकीशी गेली, पडदा थोडा सारून बाहेर बघितलं, परत आली, बसली. पुन्हा उठली. दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. माझ्यापुढून जाताना दर वेळी तिथल्या रीतीप्रमाणे कमरेत वाकत होती, पण बसत नव्हती. “सॉरी, टीचर,” ती म्हणाली, “बसवत नाही.” या मुलीनं तीन नीरफणसांसमोर आठवडा काढला होता.  मी म्हटलं, चाल तू, मी बसलोय. आणि मी बसलो. पाय तिच्यामागे धावत होते, पण उठलो नाही.

गेल्या हिवाळ्यात तिची दुसरी फेरी लागली. पुन्हा तिकडेच, पुन्हा ट्रक. आजोबा आता राहिले नाहीत, घंटा झाल्यावर प्रार्थना लोसाताईच सांगते. मी पुन्हा थांबायचं विचारलेलं नाही.

हे लिहिता लिहिता बाहेर अंधारून आलंय. शेवटचे दोन परिच्छेद मी उभ्यानंच, ओट्याशी लिहिले, सवय जात नाही. आता उठून, म्हणजे खरं तर बसायला, जातो. थोड्या वेळानं शुभदा आतून विचारेल, झालं का बसून? रोज विचारते. आणि मी रोज तेच उत्तर देतो, की अजून नाही.